संत्र्याची साल : मोल आणि विवेक

(बार्शीटाकळी येथे शेतकरी व गृहिणींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संत्र्याची साल हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल आणि तो रास्तच आहे. मी वैद्य नाही, रसायनशास्त्राचा अभ्यासकही नाही. कला शाखेची पदवी घेऊन वृत्तपत्राच्या व्यवसायात आयुष्य घालवलेला मी एक सामान्य पत्रकार. या व्यवसायाने मात्र एक सवय अंगी बाणवली आहे. कोणी काही सांगितले की लगेच विचारायचे : हे कोणात पाहिले, किती प्रमाणात पाहिले आणि कोणी पाहिले? आज संत्र्याच्या सालीविषयी हेच तीन प्रश्न आपण मिळून विचारणार आहोत.

कारण प्रश्न न विचारता दिलेली उत्तरे सध्या फार झाली आहेत. सालीचे चूर्ण सकाळी उपाशीपोटी घ्या, महिनाभरात साखर उतरेल, गोळ्या सुटतील, असे संदेश भ्रमणध्वनीवरून घरोघरी फिरत असतात. दुसरीकडे, ज्या वऱ्हाडात संत्र्याच्या राशी उभ्या राहतात, तेथे साल ही उकिरड्यावर टाकण्याची वस्तू मानली जाते. एकाने तिला अमृत ठरवले आणि दुसऱ्याने कचरा. या दोन टोकांच्या मध्ये खरे काय आहे, ते शोधणे हा आजचा हेतू.

दारात आलेला आजार

विषयाचे गांभीर्य ध्यानात यावे म्हणून प्रथम थोडे आकडे. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख रुग्ण आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी 13 कोटी 60 लाख. उच्च रक्तदाब शंभरांत पस्तिसांहून अधिक प्रौढांना, आणि पोटाचा घेर प्रमाणाबाहेर वाढलेले शंभरांत जवळपास चाळीस. हा शहरी श्रीमंतांचा आजार आहे, हा समज आता सोडून दिला पाहिजे.

आपण खाल्लेल्या अन्नाचे ऊर्जेत रूपांतर करणे, उरलेल्याचा साठा करणे आणि गरजेप्रमाणे तो मोडणे, या साऱ्या व्यवहाराला चयापचय म्हणतात. हा व्यवहार बिघडला की रक्तातील साखर, रक्तदाब, रक्तातील चरबी आणि पोटाचा घेर ही चौकडी एकमेकांचा हात धरून घरात शिरते. आपल्याकडील पुरुषांचा कमरेचा घेर 90 सेंटीमीटर आणि स्त्रियांचा 80 सेंटीमीटर याच्या वर गेला की सावध व्हावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते.

येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाचा उल्लेख केला पाहिजे. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या शरीरातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, हे त्यांनी जगापुढे मांडले. 2004 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात त्यांनी आपले स्वतःचे आणि इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण शरीरातील चरबी इंग्रज डॉक्टरांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! तेव्हा ‘मी तर सडपातळ आहे, मला काय होणार?’ असे कोणी मनात आणू नये.

नारंगाचा प्रवास

आता संत्र्याकडे वळू. संस्कृतातील ‘नारंग’ हा शब्द फारसीत गेला, तेथून अरबीत, अरबीतून स्पॅनिशमध्ये ‘नारांहा’ झाला आणि पुढे वाटेत आरंभीचा ‘न’ गळून इंग्रजीत ‘ऑरेंज’ म्हणून स्थिरावला. लिंबूवर्गीय फळांना कडवट चव देणाऱ्या एका द्रव्याला युरोपीय रसायनशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात ‘नारिंजिन’ हे नाव दिले, तेही याच शब्दावरून.

नागपुरी संत्र्याची कथा आपणास ठाऊक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस रघुजीराजे भोसले यांनी औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, ही झाडे नागपुरास आणविली असे सांगितले जाते. तेथून हे फळ वरूड-मोर्शीत रुजले, पुढे अकोट-तेल्हाऱ्याकडे आले. वाडेगावच्या लिंबाने तर आपल्या जिल्ह्याचे नाव दूरवरच्या बाजारांत नेले. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आपण या फळाचे रंग, गोडी, रस, साल सुटण्याची सहजता अशा साऱ्या गोष्टींचे कौतुक केले. फक्त साल सुटल्यावर तिचे पुढे काय, हा विचार केला नाही.

आपल्या पूर्वजांनी तो केला होता. आयुर्वेदाच्या ग्रंथांत महाळुंगाचे, म्हणजे मातुलुंगाचे, वर्णन करताना साल, गर आणि केसर यांचे गुणधर्म वेगवेगळे सांगितले आहेत. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातातील फळही हेच महाळुंग. सुश्रुतसंहितेत त्याच्या सालीविषयी दोन गोष्टी लक्षणीय आहेत : ती वात आणि कफ यांचे शमन करणारी आहे, पण ती कडू आणि ‘दुर्जर’, म्हणजे पचावयास जड आहे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याने यातला पहिला गुण तेवढा उचलायचा आणि ‘दुर्जर’ हा शब्द सोयीस्करपणे विसरायचा, हे परंपरेशी प्रामाणिकपणाचे नाही. ज्यांनी गुण सांगितला, त्यांनीच मर्यादाही सांगितली आहे.

सालीत असते काय?

संत्र्याची साल नीट पाहिली तर तिचे दोन थर दिसतात. बाहेरचा केशरी थर बारीक तैलग्रंथींनी भरलेला असतो. साल दिव्याच्या ज्योतीजवळ पिळली की तडतड ठिणग्या उडतात, हा खेळ आपण लहानपणी खेळलेलो आहोत. त्या तेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास लिमोनीन नावाचे सुगंधी द्रव्य असते. याच थरात नोबिलेटिन आणि टँजेरेटिन ही द्रव्ये सापडतात. ती प्रामुख्याने लिंबूवर्गीय फळांच्या सालीत आढळतात आणि संत्र्याच्या जातीत त्यांचे प्रमाण विशेष असते.

आतला पांढरा थर आणि फोडींवरच्या पांढऱ्या शिरा आपण नखाने खरवडून टाकतो. तेथे हेस्पेरिडिन हे द्रव्य असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लेब्रेतों यांनी 1828 मध्ये ते संत्र्याच्या सालीच्या पांढऱ्या थरातून वेगळे केले. त्याच्या सोबतीला पेक्टिन हा चिकट तंतू असतो. मुरांबा-जेलीला जो घट्टपणा येतो तो पेक्टिनमुळे, आणि जगातील बहुतेक पेक्टिन लिंबूवर्गीय फळांच्या साली व सफरचंदाचा चोथा यांपासूनच तयार होते.

या द्रव्यांबद्दलचा उत्साह नवा नाही. हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी 1936 मध्ये लिंबातील अशा द्रव्यांच्या मिश्रणाला ‘जीवनसत्त्व पी’ म्हटले. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते मुख्यतः शरीरातील ज्वलनप्रक्रिया आणि ‘क’ जीवनसत्त्व यांवरील कामासाठी. परंतु ‘पी’ हे जीवनसत्त्व म्हणून टिकले नाही. त्याच्या अभावी ठरावीक आजार होतो असे सिद्ध होईना, म्हणून 1950 च्या सुमारास ते नाव मागे घेण्यात आले. नोबेल मिळवणाऱ्याचे म्हणणेसुद्धा पुराव्याच्या कसोटीवर उतरले नाही तर बाजूला ठेवले जाते. विज्ञानाची हीच खरी थोरवी.

पहिला प्रश्न : कोणात पाहिले?

कोणत्याही द्रव्याचा अभ्यास तीन पायऱ्या चढतो. पहिली परीक्षानळीतील पेशींची, दुसरी प्राण्यांची आणि तिसरी माणसांची. वृत्तपत्रांचे मथळे बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवरच रंगतात.

प्राण्यांवरील निष्कर्ष खरोखर आशादायक आहेत. 2004 मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतील संशोधकांनी कोलेस्टेरॉल वाढविलेल्या हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यांच्या आहारात नोबिलेटिन-टँजेरेटिनच्या गटातील द्रव्ये एक टक्का प्रमाणात मिसळली, तेव्हा त्यांचे घातक कोलेस्टेरॉल 32 ते 40 टक्क्यांनी उतरले. कॅनडातील लंडन शहरी असलेल्या विद्यापीठाने 2011 मध्ये दाखवले की, चरबीयुक्त आहार दिलेल्या उंदरांच्या यकृतात साठणारी चरबी नोबिलेटिनने कमी होते आणि इन्सुलिनचे कामही सुधारते. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील संशोधकांनी 2016 मध्ये आणखी एक वेधक गोष्ट मांडली. शरीरात दिवस-रात्रीचे एक घड्याळ असते. नोबिलेटिन त्या घड्याळाची लय बळकट करते आणि त्यातून उंदरांचे चयापचयाच्या बिघाडापासून रक्षण होते.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांवरील पुरावा बव्हंशी हेस्पेरिडिनचा आहे आणि तो दोन्ही बाजूंनी बोलतो. फ्रान्समध्ये पन्नाशी ओलांडलेल्या, किंचित स्थूल अशा 24 पुरुषांना रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस किंवा तेवढेच हेस्पेरिडिन असलेल्या कॅप्सूल चार आठवडे देण्यात आल्या. दोन्हींमुळे रक्तदाबाचा खालचा आकडा थोडा उतरला. त्याच वर्षी, 2011 मध्ये, इटलीतील संशोधकांनी चयापचय बिघडलेल्या 24 रुग्णांना रोज 500 मिलिग्रॅम हेस्पेरिडिन तीन आठवडे दिले. त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता सुधारली.

याच्या आदल्या वर्षी, 2010 मध्ये, कोलेस्टेरॉल बेताचे वाढलेल्या सुमारे दोनशे स्त्री-पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला होता. काहींना रोज 800 मिलिग्रॅम हेस्पेरिडिन, काहींना 500 मिलिग्रॅम नारिंजिन, तर काहींना नुसतीच निरुपद्रवी पूड दिली गेली. चार आठवड्यांनंतर कोलेस्टेरॉलमध्ये काहीही फरक पडला नाही. प्राण्यांत दिसलेला परिणाम माणसांत उतरला नाही, तो असा.

असे का व्हावे? एक कारण आपल्या आतड्यात आहे. हेस्पेरिडिन जसेच्या तसे रक्तात शिरत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणूंनी ते फोडावे लागते आणि प्रत्येकाचे जिवाणू वेगळे. एकाच ताटातले अन्न दोघांच्या अंगी सारखे लागत नाही, हे आपल्या आयांना ठाऊक होते. आज प्रयोगशाळा तेच वेगळ्या शब्दांत सांगत आहे.

दुसरा प्रश्न : किती प्रमाणात?

आता थोडा ढोबळ हिशेब करू. या हिशेबाला पाटी-पेन्सिल पुरेशी आहे.

हॅमस्टरच्या आहारात एक टक्का शुद्ध द्रव्य होते. माणूस दिवसाला अर्धा किलो कोरडे अन्न खातो असे धरले, तर एक टक्का म्हणजे पाच ग्रॅम. वाळलेल्या सालीत ही द्रव्ये फार तर एखादा टक्का, बहुधा त्याहूनही कमी. म्हणजे तेवढ्या मात्रेसाठी माणसाला दिवसाकाठी निदान अर्धा किलो वाळलेली साल खावी लागेल! ज्या सुश्रुताने तिला दुर्जर म्हटले, त्याची या मात्रेवर काय प्रतिक्रिया झाली असती, याची कल्पना केलेली बरी.

पेक्टिनचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2010 मध्ये मान्य केले की, रोज सहा ग्रॅम पेक्टिन पोटात गेल्यास कोलेस्टेरॉल योग्य पातळीवर राखण्यास मदत होते, आणि जेवणासोबत दहा ग्रॅम घेतल्यास जेवणानंतरची साखर एकदम उसळत नाही. पेक्टिन पोटात चिकट लापशी तयार करते, त्यामुळे साखर सावकाश शोषली जाते. वाळलेल्या सालीत एक पंचमांश पेक्टिन धरले, तर सहा ग्रॅमसाठी तीस ग्रॅम साल हवी. चहाचा एक चमचा चूर्ण म्हणजे साधारण तीन ग्रॅम. त्यात पेक्टिन जेमतेम अर्धा ग्रॅम. एका चमच्याने मधुमेह पळेल, हे अंकगणितालाच मान्य नाही.

याचा अर्थ चमचाभर साल व्यर्थ आहे असा नाही. ती तंतूंची भर घालते, वास आणि चव देते. त्या चवीमुळे मीठ-साखरेचा हात आवरता येतो. अन्न म्हणून तिचे हे मोल खरेच आहे. पण औषध म्हणजे मोजलेली मात्रा. जेथे मात्रा मोजली, तेथे सालीतील द्रव्ये औषधही झाली आहेत. मूळव्याध आणि पायांच्या फुगलेल्या शिरा यांसाठी डॉक्टर जी डायोस्मिन-हेस्पेरिडिनची गोळी देतात, तिच्या एका प्रचलित प्रकारात 450 मिलिग्रॅम डायोस्मिन आणि 50 मिलिग्रॅम हेस्पेरिडिन असते. तेथे मात्रा ठरलेली आहे, शुद्धता तपासलेली आहे आणि आजारही नेमका आहे. मधुमेहासाठी सालीपासून असे औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. म्हणून हात जोडून सांगतो, चूर्णाच्या भरवशावर कोणीही मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी बंद करू नये. गोळी सोडल्याचा परिणाम आधी कळतच नाही. तो डोळ्यांच्या पडद्यावर, मूत्रपिंडावर, पायाच्या न भरणाऱ्या जखमेवर काही वर्षांनी उमटतो, आणि तेव्हा परतीची वाट उरलेली नसते.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. आंबट-कडू नारिंगाच्या सालीत सायनेफ्रिन नावाचे उत्तेजक द्रव्य असते. अमेरिकेने 2004 मध्ये एफेड्रा या वनस्पतीच्या वजन घटविणाऱ्या उत्पादनांवर बंदी घातल्यावर त्या जागी कडू नारिंगाचा अर्क आला. त्याच्या सेवनानंतर रक्तदाब व हृदयाचे ठोके वाढल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा वजन उतरवणाऱ्या डबीवर कडू नारिंगाचे नाव दिसले, तर हृदयरोग्याने आणि रक्तदाबाच्या रुग्णाने तिच्यापासून दूर राहावे.

दुसरी गोष्ट ग्रेपफ्रूट आणि त्याच्या जवळच्या नात्यातील आपले पपनस यांची. कॅनडातील डॉ. डेव्हिड बेली एका रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते. मद्याची चव झाकण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाची रक्तातील पातळी अनपेक्षितपणे कितीतरी वाढलेली आढळली! 1989 मध्ये हे प्रसिद्ध झाले. औषधांचा निचरा करणारे आतड्यातील विकर या फळातील द्रव्ये निकामी करतात, हे पुढे उलगडले. सिम्वास्टॅटिन, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन यांसारख्या कोलेस्टेरॉलच्या औषधांसह अनेक औषधांना हे लागू आहे. साध्या संत्र्यात ही द्रव्ये नगण्य असतात. परंतु जो रोज चार गोळ्या घेतो, त्याने कोणतेही चूर्ण सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांच्या कानावर घालावे, हे उत्तम.

साल खाण्याजोगी कोण ठेवणार?

आणि आता शेतकरी बांधवांनो, आपल्या दारातील प्रश्न. साल खावी असे आम्ही म्हणू, पण ती खाण्याजोगी राहिली आहे का? कोळशी, सायला, डिंक्या, फळगळ यांनी बागाईतदार जेरीस येतो. फवारणी केल्याशिवाय आंबिया बहार हाती लागत नाही, हे मला मान्य आहे. पण फवारलेले औषध प्रथम बसते ते सालीवर. काही औषधे धुऊन जातात. काही आंतरप्रवाही असतात, ती झाडाच्या रसात भिनतात आणि कितीही धुतले तरी निघत नाहीत. त्यातच तकाकीसाठी फळांना मेणाचा थर दिला जातो. ते मेण खाण्यायोग्य प्रतीचे असले, तरी त्याखाली अडकलेला अंश पाण्याने निघत नाही.

फवारणीचे मोल आपल्या विदर्भाने जबर चुकवले आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जे फवारणाऱ्याच्या फुप्फुसाला सोडत नाही, ते खाणाऱ्याच्या यकृताला सोडेल काय? म्हणून औषधाच्या वेष्टनावर लिहिलेला, फवारणी आणि तोडणी यांच्यामधील दिवसांचा नियम काटेकोर पाळणे, शिफारशीपलीकडे औषधांचे मिश्रण न करणे आणि निदान घरच्यासाठी चार झाडे फवारणीविना राखणे, एवढे तरी व्हावे. त्या चार झाडांच्या फळांची साल तुमच्या नातवंडाच्या ताटात निःशंकपणे जाऊ शकेल.

बाजाराच्या अंगानेही याचा विचार व्हावा. बांगलादेशाने 2019 पासून संत्र्यावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत नेले आणि आपल्या बागाईतदाराचा एक हक्काचा बाजार आक्रसला. नुसते फळ विकण्यावर विसंबणे किती धोक्याचे, हे त्यातून कळले. रस काढल्यावर फळाचे जवळपास निम्मे वजन साल-चोथ्याच्या रूपाने उरते. नागपूरच्या मिहानमध्ये मार्च 2025 मध्ये मोठा संत्रा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. अशा ठिकाणी तेल, पेक्टिन आणि साल यांचेही मोल होऊ शकते. पण खाण्यासाठीच्या सालीला ग्राहक पहिला प्रश्न विचारेल तो औषधांच्या अंशाचा. ज्याची बाग स्वच्छ, त्याच्याच सालीला भाव.

आजीच्या बरणीतले शहाणपण

भगिनींनो, खरे तर साल खाण्याची रीत मराठी घराला नवी नाही. लिंबाचे लोणचे आपण सालीसकटच मुरवतो. सहा महिने मुरलेल्या फोडीची साल मऊ होते, कडवटपणा निवतो, आणि ‘दुर्जर’ वस्तू पचनी पडते. पानाच्या डाव्या बाजूला वाढली जाणारी ती एवढीशी फोड हीच सालीची योग्य मात्रा आहे. मात्र लोणच्यातील मीठ आणि गोड लोणच्यातील गूळ-साखर विसरून चालणार नाही. रक्तदाब असलेल्याने एका फोडीवर थांबावे.

चिनी परंपरेतही हेच दिसते. तेथे ‘चेनपी’ नावाची वाळवलेली संत्र्याची साल वर्षानुवर्षे मुरवून ठेवतात; ग्वांगडोंग प्रांतातील शिनह्वी येथील साल त्यासाठी प्रसिद्ध आहे. तीही सूपात, चहात, औषधी काढ्यात थोडी थोडी घालतात. दोन प्राचीन संस्कृती परस्परांपासून दूर राहूनही एकाच निष्कर्षाला आल्या : थोडी, मुरवलेली आणि जेवणासोबत.

आपण संत्रासालीचे चूर्ण दिवाळीच्या उटण्यात घालतो. तिला स्वयंपाकघरातही थोडी जागा द्यावी. फवारणीविना वाढवलेल्या फळाची साल कोमट पाण्याने स्वच्छ धुवावी, पातळ चिरून सावलीत खडखडीत वाळवावी आणि हवाबंद बरणीत ठेवावी. दमट राहिल्यास बुरशी धरते; तशी साल सरळ फेकून द्यावी. चिमूटभर पूड वरणात, चटणीत, ताकात घालून पाहावी. आणि याहून सोपे म्हणजे संत्रे सोलताना फोडींवरच्या पांढऱ्या शिरा खरवडू नयेत, रस न काढता फळ चावून खावे. अमेरिकेतील मोठ्या गटांच्या दीर्घकालीन पाहणीत 2013 मध्ये दिसून आले की, अख्खी फळे खाणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण कमी, तर फळांचा रस नेमाने पिणाऱ्यांत अधिक होते. मधुमेही माणसाने ‘संत्र्याचा रस आरोग्यदायी’ म्हणून पेलाभर रिचवावा, यात शहाणपण नाही.

तिसरा प्रश्न : कोणी पाहिले?

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आतापर्यंत मी जी नावे घेतली ती आठवा : फ्रान्स, इटली, कॅनडा, अमेरिका. नारंग आमचा, आजार आमच्या घरात, आणि अभ्यास मात्र परक्यांच्या देहावर, परक्यांच्या फळावर!

जपानमध्ये शिझुओका प्रांतात मिक्काबी नावाचे गाव आहे. तेथे आपल्यासारखीच सुट्या सालीची संत्री पिकतात. 2003 मध्ये तेथील संशोधकांनी गावातील हजाराहून अधिक रहिवाशांची रक्ततपासणी सुरू केली आणि दहा वर्षे त्यांचा मागोवा घेतला. संत्र्याला रंग देणाऱ्या बीटा-क्रिप्टोझँथिन या द्रव्याचे रक्तातील प्रमाण ज्यांच्यात अधिक होते, त्यांच्यात मधुमेह कमी आढळला. अशा पाहणीतून कारण आणि परिणाम सिद्ध होत नाही, केवळ संबंध दिसतो, हे मान्य. पण याच द्रव्यावरील अभ्यासाच्या बळावर 2015 मध्ये मिक्काबीच्या संत्र्याला, हाडांच्या आरोग्यासाठी उपयुक्त असा उल्लेख वेष्टनावर करण्याची अधिकृत मुभा मिळाली. ताज्या फळाला असा मान मिळण्याचे ते जपानमधील पहिल्या उदाहरणांपैकी एक. एका गावाने आपले फळ आणि आपली माणसे दहा वर्षे नोंदवहीत टिपली, त्याचे हे फळ.

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे काय कमी आहे? अकोल्यात 1969 पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. त्याच शहरात 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. संत्रा-लिंबू पिकवणारी गावे आहेत, आणि त्या गावांत मधुमेहाचे रुग्णही आहेत. झाड जाणणारे आणि नाडी जाणणारे एका टेबलाशी बसले, तर नागपुरी संत्र्याच्या सालीत कोणत्या बहारात कोणते द्रव्य किती असते, ती वाळवल्यावर किती उरते आणि वऱ्हाडी माणसाच्या रक्तातील साखरेवर तिचा परिणाम होतो की होत नाही, याचे उत्तर याच मातीतून मिळू शकेल. उत्तर ‘होत नाही’ असे आले, तरी ते आपले असेल, आणि पोकळ संदेशांपेक्षा लाखमोलाचे असेल. स्वदेशीचा अर्थ स्वदेशी वस्तूची स्तुती एवढाच नसतो. ती वस्तू स्वतः पारखून घेण्याची हिंमत हाही स्वदेशीचाच भाग आहे.

ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून, शेतकरी गटांच्या निवेदनातून विद्यापीठापर्यंत पोहोचवावी, असे मी आपणास आवाहन करतो. तोवर आपल्या हाती असलेले चार नेम आपण पाळू. कमरेचा घेर टेपने मोजावा आणि तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तातील साखर तपासून घ्यावी. गोळी डॉक्टरांच्या सांगण्याखेरीज सोडू नये. संत्रे शिरांसकट खावे आणि स्वच्छ बागेची साल चिमटीच्या मापाने स्वयंपाकात आणावी. आणि बागेत फवारणीचा पंप पाठीवर घेताना, ही साल कोणीतरी खाणार आहे, कदाचित माझ्याच घरातले कोणीतरी, एवढे स्मरण ठेवावे.